कॅमेऱ्याने विचारलं होतं, मीच ‘नाही’ म्हणालो

जानेवारीतली गोष्ट. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यात, कुंभारगावच्या होडीत, सकाळी पावणेसातला मी कुडकुडत बसलो होतो. शंभरेक फुटांवर रोहित पक्ष्यांचा थवा चोची उलट्या करून पाण्यात चरत होता. होडीवाल्या दादांनी वल्हं थांबवलं आणि हळूच म्हणाले, “आता उडतील बघा.” मी कॅमेरा डोळ्याला लावला. थवा उडाला. पंखांखालचा तो लाल-काळा पट्टा एकदम उघडला आणि त्याच क्षणी व्ह्यूफाइंडरमधले आकडे विझले. एकच फोटो आला, त्यात अर्धा पक्षी आणि बरंच पाणी.

निघण्याआधी खोलीवर बॅटरी पूर्ण भरलेली दिसत होती. खिशातून दुसरी काढून घातली, ती चाळीसेक फोटो चालली आणि तीही बसली. दोन्ही बॅटऱ्या जेमतेम महिन्याभरापूर्वीच्या, नव्याकोऱ्या. माझी सहा वर्षं जुनी मूळ बॅटरी मात्र ‘आता दमली बिचारी’ म्हणून घरी ठेवून आलो होतो. दादांनी विचारलं, “साहेब, काय झालं?” मी म्हटलं, थंडीमुळे असेल. थंडीत बॅटरी मलूल पडते हे खरंच आहे, त्यामुळे माझं मलाही पटलं. पुढचा दीड तास मी नुसता पक्षी बघत बसलो.

आता खरेदीचं सांगतो. माझा कॅमेरा कॅननचा, २०१८ साली घेतलेला. त्याला एलपी-ई६एन ही बॅटरी लागते. मूळ बॅटरीची किंमत तेव्हा पाच हजारांच्या वर होती. मुंबईच्या फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांशी माझा वीस वर्षांचा संबंध. फिल्मचे रोल घ्यायचो तेव्हापासूनचा. तिथे चोख व्यवहार करणारी माणसं भरपूर आहेत, म्हणून बाजाराला नावं ठेवत नाही. पण त्या दिवशी नेहमीचं दुकान बंद होतं आणि मी शेजारच्या जिन्यावरून पहिल्या मजल्यावर गेलो. दुकानदार छान मराठीत बोलला. इतकं पुरलं मला.

त्याने खोकं समोर ठेवलं. चकाकता होलोग्राम, जपानी अक्षरं, सगळं जिथल्या तिथे. “बावीसशेला एक. दोन घेतल्या तर चार हजार, वर फास्ट चार्जर फ्री.” एवढी स्वस्त कशी, असं मी विचारलं, नाही असं नाही. “साहेब, कंपनीच्या किटमधून वेगळी काढलेली. ज्यांना नुसती बॉडी पाहिजे त्यांच्या बॅटऱ्या उरतात.” ऐकायला किती पटण्यासारखं! नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेणाऱ्यालाही खोक्यात बॅटरी मिळतेच, तिच्याशिवाय तो कॅमेरा चालवणार कशावर, हा साधा विचार मला दादरला गाडीतून उतरताना सुचला. तोवर चार हजार देऊन झाले होते. बिल मागितलं तर त्याने छोट्या पॅडवर ‘कॅमेरा ॲक्सेसरी – २ नग’ लिहून दिलं. दुकानाचा शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही, बॅटरीचं नाव नाही. घाई होती, घडी घालून पाकिटात ठेवलं.

दुकानात बॅटरी घालून बघितली होती. आणि खरी गोष्ट तिथेच घडली. कॅमेरा चालू केल्याबरोबर पडद्यावर सूचना आली: बॅटरीशी संपर्क होत नाही, या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का? खाली दोन पर्याय, ‘हो’ आणि ‘नाही’. बॅटरीवर लोगो ढळढळीत होता. मी ‘हो’वर बोट नेलं तसा दुकानदार पटकन म्हणाला, “हो नका करू, नाही करा. नाही केलं की चालतो. नव्या बॅटरीला एकदा विचारतोच तो.” मी ‘नाही’ केलं. कॅमेरा चालला.

हे वाक्य लिहिताना आजही मला स्वतःची लाज वाटते. बॅटरीवर लोगो असताना लोगो नाही असं माझ्याच कॅमेऱ्याला खोटं सांगायचं, तेव्हा कुठे तो चालणार! त्या प्रश्नाचा अर्थ सरळ आहे. मूळ बॅटरीत एक छोटी चिप असते, ती कॅमेऱ्याशी बोलते: किती टक्के चार्ज उरलाय, बॅटरीची ताकद किती शिल्लक आहे वगैरे. बॅटरी बोलत नसेल तर बहुतेक वेळा दोन शक्यता. एक, ती दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची आहे, उघडपणे दुसऱ्या नावाने विकलेली. मग कॅमेरा इशारा देऊन चालू देतो. दुसरी, तिच्यावर कॅननचं नाव आहे पण ती कॅननची नाही. मग तो अडतो. घरी आल्यावर कुतूहल म्हणून एकदा ‘हो’ करून बघितलं. कॅमेऱ्याने चालायला साफ नकार दिला. तरी मला उजेड पडला नाही. चार हजार गेलेत हे मान्य करण्यापेक्षा दर वेळी ‘नाही’ दाबणं सोपं होतं.

दुसरी खूण चार्जरवर मिळाली. कॅमेऱ्याबरोबर आलेला मूळ चार्जर भिंतीला लावतो तो. त्याचा नारिंगी दिवा पन्नास टक्क्यांपर्यंत एकेकदा लुकलुकतो, मग दोन-दोनदा, पंचाहत्तरच्या पुढे तीन-तीनदा, आणि भरलं की हिरवा होऊन स्थिर राहतो. नव्या बॅटऱ्या त्यात घातल्या की दिवा एकाच लयीत भराभर लुकलुकत राहायचा, पुढे काहीच नाही. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: परकी बॅटरी असेल तर चार्जर चार्जिंग थांबवतो आणि दिवा असा लुकलुकतो. ती पुस्तिका माझ्या कपाटात सहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघाली नव्हती. आणि मग कळलं तो ‘फास्ट चार्जर फ्री’ का होता. मूळ चार्जर नको म्हणतो, म्हणून मालाबरोबर हो म्हणणारा चार्जर द्यायचा.

भिगवणहून आल्यावर मी दुकानात फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. उलट मलाच विचारायला लागला. पहिल्यांदा आठ तास सलग चार्ज केली होती का? मग पूर्ण उतरवून पुन्हा भरली, असं तीनदा केलं होतं का? नाही? “मग काय साहेब, बॅटरीची काळजी घेतली नाहीत तुम्ही.” मी निमूटपणे फोन ठेवला आणि खरंच रात्रभर त्या फुकट चार्जरवर दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने लावल्या. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम-आयनला तो लागू नाही. तिला पूर्ण उतरवणंच सोसत नाही. पण आपण वस्तू नीट जपत नाही हा न्यूनगंड आपल्या सगळ्यांच्या मनात असतोच. घरी प्रेशर कुकरची शिटी बिघडली तरी आधी आपल्यालाच ऐकवतात. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

सकाळी एक बॅटरी हाताला चांगली गरम लागली. कॅमेऱ्यात घालताना जरा घट्ट गेली, मी अंगठ्याने रेटली. कॅमेरा कपाटात ठेवला आणि भाच्याच्या मुंजीच्या आदल्या दिवशी काढला. बॅटरी बाहेर येईना. पांढरी खिटी सरकवली, उलटा धरून थोपटला, काही नाही. मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तर बॅटरीचं वरचं टोक मधोमध फुगून आलं होतं, पुरी तेलात टाकल्यावर फुगायला लागते तसं.

या वेळी मात्र देवाने सुबुद्धी दिली. हातात पक्कड घेतली होती, ती ठेवून दिली. दादरला एक काका आहेत, चावीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जमान्यापासून दुरुस्ती करतात. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पक्कड लावलीत का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग या. आणि लोकलमध्ये बॅगेच्या तळाशी दाबून आणू नका, हातात धरून आणा.” त्यांनी कॅमेरा आधी तासभर गॅलरीत ठेवला. मग तळाचे स्क्रू काढून, प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या बाजूने सरकवत सरकवत, बॅटरी केसाकेसाने वर आणली. पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आली तेव्हा तिला एक गोडसर, नेलपॉलिशसारखा वास होता. त्यांनी ती चिमट्यात न धरता तळहातावर घेतली, कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि मगच चहा सांगितला.

चहा पिताना त्यांनी गणित मांडलं. या बॅटरीवर ७.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे आत ३.६ व्होल्टचे दोन सेल एकामागे एक. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा, म्हणजे एकूण ८.४. तिथे थांबलंच पाहिजे. मूळ चार्जर थांबतो, मूळ बॅटरीतलं सर्किटही थांबवतं, दुहेरी पहारा. नकली बॅटरीत सर्किट हलकं, फुकट चार्जरला थांबायची अक्कल नाही. जास्त भरत गेलं की आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो, तो जाणार कुठे? “फुगली ते तुमचं नशीब,” काका म्हणाले. “भोक पडलं असतं तर पेटली असती.” त्यांनी सहाशे रुपये घेतले. खिटीची स्प्रिंग मोडली होती, ती त्यांनी कुठल्याशा मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून बसवली, तिचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन बायकोचा केकचा वजनकाटा घेतला. जुनी मूळ बॅटरी ८० ग्रॅम. राहिलेली नवी ६१. लेबलवर क्षमता दोन्हीकडे १८६५ एमएएच. शेजारी शेजारी ठेवल्यावर तर लहान मुलालाही दिसेल इतका फरक: मूळ बॅटरीवरची बारीक अक्षरं कोरल्यासारखी, नकलीवरची शाई पसरलेली. झाकणालाही फरक होता. मूळ झाकणात बॅटरीच्या आकाराची खिडकी असते; एका बाजूने लावलं की त्यातून निळा रंग दिसतो, उलट लावलं की दिसत नाही. भरलेली कोणती, उतरलेली कोणती हे ओळखायची ही सोय. नकलीच्या झाकणात खिडकी होती, पण बॅटरीवर निळा रंगच नव्हता. नक्कल करणाऱ्याला खिडकी कशासाठी हेच माहीत नव्हतं!

काकांनी जाता जाता सांगितलेलं मी आता पाळतो. कॅमेरा आठवडाभर लागणार नसेल तर बॅटरी बाहेर काढून ठेवायची, साधारण अर्धी भरलेली, उन्हात तापणाऱ्या गाडीत किंवा फ्रीजवर नाही. तिचे धातूचे पॉइंट कोरड्या मऊ कापडाने पुसायचे. प्रत्येक बॅटरीवर मार्करने आकडा घालायचा, म्हणजे कोणती दमतेय ते कळतं. पावसाळ्यात कॅमेरा चामडी बॅगेत न ठेवता हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसकट, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. (सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं होतं. तांदळाची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये गेली की काय होतं ते मी अनुभवाने सांगू शकतो, पण तो वेगळा विषय.) आकडे मी फोर्टातून आलो त्याच दिवशी घातले होते, एवढी एकच शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून झाली. फुगलेली १, राहिलेली २.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. बिलावर काय लिहिलंय विचारलं. वाचून दाखवलं. पलीकडे क्षणभर शांतता. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही, पण कोणाविरुद्ध आणि कशाबद्दल हे कागदावर तर हवं! माझ्या कागदावर ना दुकान होतं, ना बॅटरी. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, तिचं अजून काही झालेलं नाही. फुगलेली बॅटरी मी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन दिली. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती टाकायची नसते.

शेवटी दुकानात गेलो. आवाज चढवायचं ठरवून गेलो होतो. आवाज चढवायची वेळच आली नाही. त्याने दोन नंबरची बॅटरी हातात घेतली, उलटसुलट बघितली, म्हणाला, “साहेब, गिऱ्हाईक नाराज नको. ही ठेवा, पंधराशे घ्या.” चारातले दीड परत मिळतायत या आनंदात मी नोटा मोजून घेतल्या. त्याने बॅटरी शर्टाच्या बाहीवर पुसली, झाकण लावलं आणि काउंटरखालच्या खोक्यात टाकली. मी जिना उतरून रस्त्यावर आलो, तेव्हा ते खोकं कसलं असेल हे डोक्यात आलं. परत वर गेलो नाही.

तेव्हा एवढंच सांगायचंय. फोर्टात कोणी तुम्हाला ही बॅटरी स्वस्तात देऊ केली तर तिची डावी कड उजेडात धरून बघा. काळ्या मार्करचा ‘२’ असेल, बाहीवर पुसून थोडा पुसट झालेला.