सकाळची डोकेदुखी: सुंठीचा लेप, जलनेती, काशाची वाटी आणि कॅलेंडर

सकाळी डोकं दुखलं की आपल्याकडे पहिला संशय पित्तावर. माझंही तसंच झालं. उठल्या उठल्या कपाळ जड, कानशिलं ठणकतायत, आणि घरात प्रत्येकाकडे एक उपाय तयार. सासूबाईंचं आमसुलाचं सार, शेजारच्या काकूंचा मोरावळा, आणि मावसभावाने तर सूर्योदयाच्या आधी दूध-जिलबी खायला सांगितली. जिलबी सूर्यावर्तावर देतात, म्हणजे ऊन चढेल तसं चढत जाऊन संध्याकाळी उतरणाऱ्या दुखण्यावर. सुश्रुताने सांगितलेल्या अकरा शिरोरोगांत तो आहे. माझं डोकं दहा-साडेदहाला आपोआप उतरायचं, त्यामुळे जिलबीवर हक्क सांगता येईना. वाईट वाटलं.

गेल्या उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत जे जे वापरलं, त्याचा हा अनुभव. सुरुवातीलाच फॅमिली डॉक्टरांकडून बीपी तपासून घेतलं, ते ठीक निघालं. त्यांनी आणखी एक विचारलं: महिन्यातून किती दिवस डोकेदुखीची गोळी घेता? मी क्वचितच घ्यायचे. पण त्यांनी सांगितलेलं इथे लिहिते, कारण किराणा दुकानातून पाकीट आणून रोज सकाळी गोळी टाकणारे माझ्या ओळखीतच चारपाच जण आहेत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली (कॅफीन घातलेल्या गोळ्या यातच येतात) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. ते दुखणं बहुधा सकाळी उठतानाच हजर असतं. अशांनी लेप-काढ्यांच्या नादी लागण्याआधी गोळ्या कशा कमी करायच्या ते डॉक्टरांना विचारावं.

आता सुंठ. बाजारातली सुंठपूड कालवून लावू नका. ती भरड असते, वाळली की टोचते आणि भुरूभुरू डोळ्यांत पडते. सुंठेचा अख्खा गड्डा सहाणेवर कोमट पाण्याच्या चार थेंबांत उगाळायचा. दुधट तपकिरी, बोटाला चिकटेल इतपत दाट झालं की कपाळावर आणि कानशिलांवर पातळ थर, भुवयांच्या खाली अजिबात नाही. आधी उबदार वाटतं, मग चरचरतं, मग लेप वाळत जातो तशी कपाळाची कातडी ओढली जाते, आणि त्या ओढीतच बरं वाटतं. पंधरा मिनिटांत ओल्या फडक्याने पुसायचा. जास्त ठेवला तर लाल चट्टा उठतो. ठणका निम्म्यावर यायचा, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे दुखणं पुन्हा दारात. पुदिन्याच्या तेलाचंही तेच. त्याचा अभ्यास तरी झालेला आहे: जर्मनीत १९९६ साली, ताणाच्या डोकेदुखीवर कपाळाला लावलेलं दहा टक्के पुदिना तेल आणि १००० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल यांचा परिणाम जवळपास सारखा आढळला होता. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला सुंठेपेक्षा ते सोयीचं. कपाळावर सुंठ फासून कामाला जाता येत नाही.

काशाची वाटी सहाशेच्या आसपास पडली. झोपताना तळपायाला तूप लावून घासायची. तळवा काळा होतो आणि घरातले म्हणतात, बघ उष्णता निघाली! ती उष्णता नव्हे, धातू आणि तूप घासल्याचा तो काळेपणा. डोकेदुखीवर मला काडीचा फरक जाणवला नाही. झोप मात्र पटकन लागायची, आणि दुसऱ्या कुणीतरी घासून दिलं तर फारच पटकन. नाकात साजूक तुपाचे दोन थेंब थंडीत कोरड्या नाकाला बरे वाटतात, बाकी काही नाही.

जलनेतीबद्दल थोडं सविस्तर. नेती म्हणजे नाक साफ करण्याची योगक्रिया. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातली नेती ही सूत्रनेती, दोऱ्याची. आपण घरी करतो ती पाण्याची. पावसाळ्यात माझं नाक चोंदायचं, गालाच्या हाडांत आणि भुवयांच्या मध्ये भार यायचा, खाली वाकलं की तो पुढे सरकल्यासारखा वाटायचा. या प्रकारच्या दुखण्याला नेतीने खरा आराम दिला. सगळी गोम मिठात आहे. लिटरला नऊ ग्रॅम, म्हणजे शरीरातल्या द्रवांइतकंच खारट पाणी हवं. मीठ कमी पडलं तर पोहताना नाकात पाणी गेल्यासारखी झिणझिण डोक्यापर्यंत जाते. प्रमाण जमलं की पाणी एका नाकपुडीतून आत जाऊन दुसरीतून निघून जातं आणि जाणवत सुद्धा नाही. नंतर वाकून, नाक न दाबता हलक्या फुंकरीने कोरडं करायचं. नाहीतर अर्ध्या तासाने उंबऱ्यावर रांगोळी काढायला वाकलात की टपकन पाणी रांगोळीवर.

आणि पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे मेंदू पोखरणाऱ्या अमीबाने दगावले. तो अमीबा पाणी पिऊन होत नाही, नाकातून वर गेला तरच घात करतो. केरळात अलीकडे या आजाराचे रुग्ण सापडले आहेत, तेव्हा हे काही सातासमुद्रापारचं राहिलेलं नाही. एका नामवंत योगवर्गात आम्हाला थेट नळाखाली पात्र भरायला लावत होते. विचारलं तर ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो’ हे उत्तर. मी तिथे नेती करायचं बंद केलं.

एवढं करूनही सकाळची दुखणी संपेनात, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. दुधाच्या हिशेबाशेजारी छोटी फुली, आणि दुखलं कुठे त्याचं एक अक्षर. दोन महिन्यांत फुल्यांचा एक उभा पट्टा दिसायला लागला: रविवार. पित्ताला वार कळत नाही. रविवारी वेगळं एवढंच, की मी नऊला उठायचे. एरवी साडेपाचला पहिला चहा, मग ऑफिसात दोन, संध्याकाळी आणखी दोन. पाच कप म्हणजे साधारण दोनशे मिलीग्रॅमच्या वर कॅफीन. एवढी रोजची सवय असली की शेवटच्या कपानंतर चोवीस तासांच्या आत डोकं दुखू शकतं, आणि कॅफीन पोटात गेल्यावर तासाभरात थांबतं. शनिवारी संध्याकाळी पाचचा चहा ते रविवारी नऊ, म्हणजे सोळा तास. ‘आल्याच्या चहाने उतरतं हो माझं’ असं मी सगळ्यांना सांगत होते. उतरवणारं आलं नव्हतं.

चहा एकदम सोडला असता तर आठवडाभर डोकं धरून बसावं लागलं असतं. मी दर आठवड्याला एक कप कमी केला, आणि उरलेल्यांसाठी आईकडचे जुने, लहान कप काढले. आता सकाळी एक, दुपारी एक. रविवारची फुली महिन्यात एखादी.

बाकीच्या फुल्या कानशिलांच्या होत्या, जबड्यापाशी ताठरपणा असलेल्या. नवऱ्याला विचारलं तर म्हणे, तू झोपेत दात खातेस, करकर ऐकू येते. दातांच्या डॉक्टरांनी दाढांवरची झीज आरशात दाखवली आणि रात्री घालायचं कव्हर बनवून दिलं. नैसर्गिक उपाय म्हणावा की नाही ते तुम्ही ठरवा. पहिले काही दिवस तोंडात बाटलीचं झाकण घेऊन झोपल्यासारखं वाटतं. पण सुंठेची गरज सगळ्यात कमी झाली ती यानेच.

ज्यांच्या घरी घोरणं आहे, मध्येच श्वास अडकून दचकणं आहे आणि सकाळी डोकं जड आहे, त्यांनी झोपेची तपासणी करून घ्यावी. ती अडचण नाकाच्या मागे, घशात असते, कपाळाला काहीही लावून ती सुटत नाही. आणि डोकेदुखीबरोबर उलटी, अंधुक दिसणं, हातापायातली ताकद जाणं, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा असं दुखणं सुरू होणं, यात घरचे उपाय करत बसू नका.

काशाची वाटी सासूबाईंकडे गेली, त्या खूश आहेत. सहाण ओट्याखालीच आहे, लग्नसराईतल्या जागरणांनंतर लागते. नेती आता फक्त पावसाळ्यात आणि सर्दीत. नणंद माझं नेतीपात्र आठवडाभर वापरायला मागत होती, तिला नवं आणून दिलं. प्लास्टिकचं दीडशे रुपयांत मिळतं, ते प्रत्येकाचं वेगळंच असावं आणि वापरल्यावर उलटं घालून पूर्ण वाळवावं.