बिघडलेली सूची: जुन्या सर्व्हरवर परत जावं की नव्यावरच दुरुस्त करावी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचनालयाची सूची आम्ही नव्या सर्व्हरवर हलवली आणि पुस्तकांच्या नावांजागी डोक्यावर टिंबं-टोप्या घातलेली रोमन अक्षरं आली. निम्मी पुस्तकं मराठी, निम्मी गुजराती. दोन्हींची एकच गत.

आधी बिघाड ओळखा. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला, जुनी प्रतच शोधा. अगम्य अक्षरं असतील तर तो शाबूत आहे. डेटाबेसचं हेक्स फंक्शन (साठवलेले बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवणारं) लावून बघा: धड ‘म’ म्हणजे ई०ए४एई, तीन बाइट. आमच्याकडे निघालं सी३ए०सी२ए४सी२एई, सहा बाइट.

कारण जुनंच. मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं टेबल लॅटिन१ (पश्चिम युरोपीय अक्षरांची जुनी संकेतपद्धती) होतं आणि ॲप त्यात यूटीएफ-८चे (सगळ्या लिपींसाठीच्या संकेतपद्धतीचे) बाइट कोंबत होतं. वाचतानाही तीच चूक होई, म्हणून पडद्यावर सगळं ठीक दिसे. डंप (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) घेताना मात्र सर्व्हरने त्या बाइटांना खरोखरीचं लॅटिन समजून पुन्हा यूटीएफ-८ केलं.

जुना सर्व्हर अजून चालू असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही. डंप लॅटिन१ कॅरेक्टर सेट सांगून घ्यायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे उतरतात. मग फाइलीतल्या टेबलांच्या व्याख्या आणि वरची सेट नेम्सची (संकेतपद्धती सांगणारी) ओळ यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं चार बाइटांपर्यंतचं यूटीएफ-८) करून चढवायचं. वेळ जातो, पण चुकलं तरी मूळ माल हलत नाही.

जुना सर्व्हर बंद झाला असेल तर नव्यावरच अपडेटची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा): स्तंभ लॅटिन१मध्ये, तिथून बायनरीत, तिथून यूटीएफ८एमबी४मध्ये. झटपट होतं, पण जोखीम मोठी. स्थलांतरानंतर कोणी नवी नोंद केली असेल तर ती मुळात बरोबर असते, आणि याच क्वेरीने तिची प्रश्नचिन्हं होतात. म्हणून हेक्समध्ये सी३ए० असलेल्या ओळींवरच चालवा, तेही बॅकअप घेऊन.

तिसरा मार्ग, फाइल बाहेर काढून स्क्रिप्टने सुधारण्याचा, मला पटत नाही. विंडोज-१२५२ या तक्त्यात (लॅटिन१ची विंडोजमधली आवृत्ती) पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा ८डी, देवनागरीत आणि गुजरातीतही! काटेकोर स्क्रिप्ट प्रत्येक जोडाक्षरावर अडते. मायएसक्यूएलचं लॅटिन१ या जागा भरून घेतं, म्हणून दुरुस्ती तिथेच करावी.

नवं टेबल यूटीएफ८एमबी४च ठेवा. देवनागरी तीन बाइटांत मावते, त्यामुळे मायएसक्यूएलचं तीन बाइटांपुरतं जुनं यूटीएफ८ पुरेल असं वाटतं. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली मोडी चार बाइटांची आहे, आणि बडोद्याच्या जुन्या कागदांची सूची करणारा कोणीतरी ती टंकणारच.