ठेकेदाराची माणसं घ्यावी की आपल्या रोलवर (कंपनीच्या पगारपत्रकावर)? छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी

भावकीतला एक जण पुढच्या महिन्यात संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत शेड भाड्यानं घेऊन पॉवर प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायचं काम सुरू करायलाय. त्यानं फोन करून विचारलं, दादा, चौदा माणसं लागतील, ठेकेदाराकडून घेऊ का रोलवर? त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर कुठंही जा, छोट्या मालकाला हे कोडं पडतंच. मी अकरा वर्षं एचआर बघतोय आणि दोन्ही पद्धतीच्या कंपन्यांत काम केलंय.

ठेकेदाराचं सुख खरं आहे. संध्याकाळी फोन केला की सकाळी गेटवर चार माणसं हजर, ऑर्डर कमी झाली की माणसं कमी, हजेरी-पगाराची कटकट त्याच्याकडं. पण स्वस्त पडतं म्हणतात ते नीट मोजून बघा, बिलात पगार असतो, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असतं, त्याचं कमिशन असतं आणि वर 18 टक्के जीएसटी. आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो, कायदाच तसा आहे, "माझा काय संबंध" म्हणून सुटता येत नाही.

पण माझं मन पैशामुळं नाही, दुसऱ्याच गोष्टीमुळं फिरलं. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक येतो, म्हणजे हात डायच्या (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या) बाहेरच राहतात. आधीच्या एका कंपनीत प्रॉडक्शन वाढावं म्हणून एका बटणात आगपेटीची काडी खोचून ठेवलेली होती. गंगापूरकडचं एक पोरगं ठेकेदारामार्फत आलेलं, तिसराच दिवस, त्याला वाटलं मशीन असंच असतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, साहेब, ह्याला शिकवलं कुणी होतं? ठेकेदार म्हणला शिकवायचं कंपनीनं, कंपनी म्हणली माणूस ठेकेदाराचा. मी तिथंच उभा होतो आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रोलवर घेतलं तर निदान उत्तर कुणी द्यायचं हे ठरलेलं असतं. खर्च असा: दहा माणसं झाली की ईएसआय, 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना, मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75. वीस झाली की पीएफ, मालकाचे 12 टक्के, आणि त्या विसात ठेकेदाराची माणसंही धरली जातात, इथं बरेच जण फसतात. सुट्ट्यांचा त्रास दोन्हीकडं आहेच, ऑक्टोबरात सोयाबीन काढायचं असतं, एप्रिल-मेमधी रूमवर टँकरची वाट बघत माणूस थांबतो. फरक एवढाच की रोलवरचं पोरगं आठ दिवस आधी सांगतं, सर, चार दिवस गावाकडं जायचंय, आणि ठेक्यावरचं सोमवारी येतच नाही, गुरुवारी कळतं की शेजारच्या कंपनीत लागलं.

तिसरा रस्ता अप्रेंटिसचा, म्हणजे स्टायपेंडवर काम शिकायला येणाऱ्या पोरांचा. 1961 च्या कायद्यानं तीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस असतील तर मर्जी. 2016 पासूनच्या केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त महिना 1,500 रुपये, सरकार देतं. पीएफ-ईएसआय लागत नाही, पण म्हणूनच अपघात झाला तर भरपाई मालकाच्या डोक्यावर येते, विमा काढल्याशिवाय घेऊच नका. आणि आयटीआयचं पोरगं शिकायला आलंय हे विसरू नका, त्याला झाडू मारायला आणि ओव्हरटाइमला लावणारे बघितले की जीव तुटतो.

शिकवण्याचं मात्र तिन्हीकडं एकाच जागी अडतं. जुना ऑपरेटर शिकवत नाही, त्याला वाटतं हे पोरगं तयार झालं की माझी मशीन गेली, आणि त्याची भीती खोटी नाहीये, मालक लोक करतातच तसं. आम्ही काय केलं, शिकवणाऱ्याला महिन्याला वेगळा भत्ता सुरू केला आणि लिहून दिलं की तुझी मशीन तुझीच राहील, नवीन पोरगं पंधरा दिवस त्याच्या शेजारी उभं राहणार, एकटं सोडायचं नाही. पहिल्या दोन महिन्यांत आउटपुट पडलं, मालक चिडले होते, नंतर रिजेक्शन कमी झालं तसे गप्प झाले.

म्हणून भावाला सांगितलं, प्रेस आणि वेल्डिंगवर आठ माणसं रोलवर घे, दोन अप्रेंटिस, आणि लोडिंग-पॅकिंगला चार ठेकेदाराची. कमी माणसांमुळं पीएफ तुला सक्तीचा नसला तरी स्वतःहून लाव, पोरं टिकतात. ठेकेदाराचं बिल पास करायच्या आधी पीएफ चलनातली नावं गेटच्या रजिस्टरशी जुळवून बघ. आणि शेड चालू व्हायच्या दिवशी मी येणार आहे, प्रत्येक प्रेसची दोन्ही बटणं स्वतः दाबून बघायला.