वेट पॅलेट : वैशाखातही रंग ओला ठेवणारा डबा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता टाइलवर टाकलेला ॲक्रिलिक रंगाचा थेंब आमच्याकडे किती वेळ टिकतो, हे मी मोबाइलमध्ये वेळ लावून पाहिलं आहे. चौथ्या मिनिटाला कडेने साय धरते. सातव्या मिनिटाला ब्रश टेकवला की ती साय गोळा होऊन ब्रशला येते आणि रंगवायला घेतलेल्या प्लास्टिकच्या शिपायाच्या गालावर जाऊन बसते. गाव हिंगणघाटजवळ, खोलीवर टिनाचं छप्पर, डोक्यावर पंखा, बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास. अशा ठिकाणी मिनिएचर, म्हणजे असे बोटभर पुतळे, रंगवायला शिकणाऱ्याने जास्तीचे रंग घ्यायच्या आधी वेट पॅलेट घ्यावा किंवा घरी करावा, हे माझं मत दोन उन्हाळ्यांनंतर पक्कं झालं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसतो. दिवाळीपासून कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. मार्च सरला की काम कमी होतं आणि संध्याकाळ मोकळी मिळते. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मावसभावाने प्लास्टिकचे दहा शिपाई पाठवले, २८ मिलिमीटर मापाचे. म्हणजे पायापासून डोळ्यापर्यंत साधारण तेवढी उंची. डोकं तुरीच्या दाण्याएवढं आणि डोळा खसखशीएवढा. त्याला ते टेबलावर मांडून खेळायला लागतात, मला रंगवायला आवडले. लहानपणी मी तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं मिरवतात ते लाकडी बैल रंगवायचो, तोच जीव यात पुन्हा रमला.

पहिले चार शिपाई बिघडले. चिलखताच्या कड्या रंगाखाली बुजल्या, चेहऱ्यावर दाणे आले, तलवारीच्या मुठीजवळ रंगाचा लगदा झाला. मला वाटलं हात बसला नाही. मग वाटलं रंग कमी पडतात, म्हणून आणखी सहा बाटल्या मागवल्या. पाचवा शिपाईही तसाच झाला.

आमच्या गावात एक पेंटर काका आहेत. फ्लेक्स यायच्या आधी हिंगणघाट रोडवरच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. अजूनही शाळेच्या भिंतीवर अक्षरं लिहायला त्यांनाच बोलावतात. चहाला आले तेव्हा त्यांना पाचवा शिपाई दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो डोळ्याशी धरला, खिडकीकडे फिरवला, पाठीवरून बोट फिरवलं.

"हात बरा हाये तुया," ते म्हणाले. "रंग घट हाये. पातय कर, न दोनदा मार. पह्यला हात वाळू दे."

"पातळ केला का वाहून जातो, काका."

"ब्रश पुसत नसशीन. बुडवला का कपड्याले टेकव, मंग लाव. आन् ओढ त्याले. ढकलतं कायले?"

एवढंच. जगभर मिनिएचर रंगवणारे नवख्याला पहिला धडा हाच देतात : एका जाड थराऐवजी दोन पातळ थर. रंग ताकासारखा हवा, दह्यासारखा नको. काकांनी तो आयुष्यभर पाट्यांच्या इनॅमल रंगात पाळला होता. मी त्याच रात्री करून पाहिलं आणि नवीनच अडचण समोर आली. पातळ केलेला रंग तर आणखी लवकर वाळतो. पहिला थर शिपायावर सुकेपर्यंत टाइलवरचा रंगही सुकलेला. पुन्हा मिसळायला गेलो की छटा वेगळी. डाव्या बाहीचा लाल एक आणि उजव्या बाहीचा दुसरा.

याचं कारण ॲक्रिलिकच्या स्वभावात आहे. पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगाची पूड, असा तो प्रकार असतो. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि मग कितीही पाणी घाला, तो परत विरघळत नाही. शाळेतल्या वॉटर कलरच्या वड्या ओल्या ब्रशने पुन्हा जाग्या होतात, तसं याचं नाही. ब्रशचे केस बसवलेल्या पत्र्याच्या टोपणात हा रंग वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं. माझे तीन ब्रश असेच गेले.

वेट पॅलेट म्हणजे झाकणाचा एक चपटा डबा. तळाशी पाण्याने भिजवलेला स्पंज, त्यावर एक खास कागद, कागदावर रंग. कागद पाणी एकदम वर येऊ देत नाही, पण थोडंथोडं झिरपू देतो. वरून जेवढं उडतं तेवढं खालून मिळत राहतं. माठ पाझरतो तसंच काहीसं.

मी मागवलेला संच साडेअकराशे रुपयांना पडला. डबा, दोन स्पंज, कागदाची एक थप्पी. कुरिअर गावात येत नाही, म्हणून हिंगणघाटला जाऊन आणला. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं. रंग कागदावर पसरला आणि तीन छटा एकमेकींत वाहत गेल्या. प्रमाण हाताला कळायला आठवडा गेला. आता असं करतो : स्पंज पूर्ण भिजवायचा, तळव्याने हलकेच दाबायचा, दाबल्यावर पाणी वर दिसावं आणि हात उचलला की परत आत जावं. स्पंजवर तळं साचता कामा नये. मग कागद ठेवून मधून कडेकडे हात फिरवत हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला की तेवढ्याच जागी रंग वाळतो. टाकलेला थेंब वाटाण्यासारखा गोल राहिला तर पाणी बरोबर, टाकताच कडा विस्कटल्या तर जास्त.

पाणी बोअरचं घेऊ नका. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तसाच तो स्पंजवर आणि कागदावर धरला. मी आता आरओच्या कॅनचं पाणी वापरतो.

सहाव्या शिपायाचा लाल झगा मी या पॅलेटवर रंगवला आणि तिथेच खरा फरक पडला. कागदाच्या एका टोकाला गडद तपकिरी लाल, दुसऱ्या टोकाला नारिंगी लाल, मध्ये ब्रशने ओढत तीन मधल्या छटा. एकूण पाच. घडीच्या खोलगट भागात सगळ्यात गडद रंग दिला, मग प्रत्येक छटेला थोडी जागा कमी करत वर आलो, आणि घडीच्या अगदी धारेवर सगळ्यात उजळ रंगाची केसाएवढी रेघ ओढली. एका घडीवर दहा-बारा थर झाले, तरी खालचं कोरीव काम जसंच्या तसं दिसत होतं. दोन छटांमधली सीमा डोळ्याला खुपली तर मधली छटा पाण्यासारखी पातळ करून त्या सीमेवरून फिरवायची, सीमा विरते. मुख्य म्हणजे मध्ये जेवून आलो, लाइट गेली म्हणून तासभर ओसरीवर बसलो, परत आलो तर पाचही छटा ओल्या. दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्याला तोच लाल मिळाला. शिकणाऱ्याला घाई न करता हात चालवायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे. माझी निम्मी चूक घाईतून होत होती आणि ती घाई वाळणारा रंग लावत होता.

आता संचाच्या उणिवा. झाकण घट्ट बसत नाही. एकदा सासुरवाडीला घेऊन गेलो तेव्हा एसटीत पिशवी ओली झाली आणि आतली साडीही. कागद महाग आहेत आणि वेगळे मागवावे लागतात. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी स्पंजला कुबट वास आला, बाजूला काळे ठिपके दिसले. ती बुरशी. उष्णता, अंधार आणि साचलेलं पाणी, तिला आणखी काय पाहिजे? पहिला स्पंज टाकूनच द्यावा लागला. कल्पनेला पाचपैकी पाच, या संचाला तीन.

म्हणून दुसरा पॅलेट घरी केला. पेढ्याचा प्लास्टिकचा चपटा डबा घेतला. स्पंजऐवजी मी आधी आमच्याच जिनिंगची रुई अंथरली. रोज डोळ्यांसमोर गाठी बांधल्या जातात, एकेक १७० किलोची, तर मूठभर रुई सहज मिळाली. वर पाणी ओतलं. पाणी मोत्यासारखं थेंब धरून वरच थांबलं, रुई खाली कोरडी. बोटाने दाबली तरी तरंगून वर आली. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा थर असतो, तो पाणी आत घेत नाही. मेडिकलमध्ये मिळणारा कापूस धुऊन, मेण काढून, ब्लीच केलेला असतो, म्हणून तो लगेच भिजतो. पंधरा वर्षं कापसात काढूनही ही गोष्ट मी या डब्यामुळे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. मेडिकलचा कापूस चालला, पण त्याच्या गुठळ्या होतात आणि कागद वर-खाली होतो. शेवटी ओटा पुसायचा चपटा स्पंज कापून बसवला. तोच चांगला.

कागदाचीही परीक्षा घ्यावी लागते. बटर पेपर या नावाखाली दुकानदार काहीही देतो. मेण लावलेला कागद मुळीच उपयोगाचा नाही, त्यातून पाणी येतच नाही. बेकरीत ट्रेमध्ये अंथरतात तो बेकिंगचा कागद लागतो. एक तुकडा ओल्या स्पंजवर पंधरा मिनिटं ठेवून वरून बोट फिरवा. किंचित गारवा आणि ओल लागली तर तो कागद घ्या. हिंगणघाटच्या एका बेकरीवाल्या दादांनी मला दहा मोठे ताव वीस रुपयांना दिले, प्रत्येक तावाचे सहा तुकडे होतात.

वासावर उपाय तांब्याचा. तांबं पाण्यातले जंतू आणि बुरशी फारशी वाढू देत नाही, म्हणून काही जण पॅलेटमध्ये तांब्याचं नाणं टाकतात. मी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून हातभर तार आणली. तिच्यावर इनॅमलचा लेप असतो, तो पॉलिश पेपरने खरवडून लालसर तांबं उघडं करावं लागतं, नाहीतर टाकून उपयोग नाही. वेटोळं करून स्पंजखाली ठेवलं. तरी आठवड्याने पाणी बदलतोच, आणि उन्हाळ्यात काम संपलं की डबा फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याच्या बाजूला. बायकोने त्यावर चिठ्ठी लावली आहे : "रंग. खाऊ नये."

सगळंच काम या पॅलेटवर करू नका. ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासून उजाळा देण्याला, ओला रंग चालत नाही, त्याला टाइलच बरी. खाचांमध्ये सावली उतरवणारा पातळ वॉशही कागदावर पसरून वाया जातो. सोनेरी-चंदेरी रंगातली चमक पाण्यासोबत पसरते आणि शेजारच्या रंगात जाते. मग चेहऱ्यावर चकाकी येते आणि ती झाकता झाकता रात्र जाते. त्यांना वेगळा तुकडा ठेवा.

पॅलेटइतकाच फरक मला ब्रशच्या नंबराने पडला. बारीक काम म्हणून मी तीन शून्याचा ब्रश आणला होता. त्यात रंग मावतो मुंगीच्या घोटाएवढा, आणि आमच्या हवेत तो डोळ्यापर्यंत पोचायच्या आत टोकावर सुकतो. एक नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश, टोक धारदार असलेला, जास्त पाणी पोटात धरतो आणि टोकाने तेवढीच बारीक रेघ देतो. डोळे मी आता त्याच ब्रशने रंगवतो. शहरातल्या एका दुकानात मला मुंगसाच्या केसांचा ब्रश काढून दाखवला होता. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विकायला आणि घ्यायला बंदी आहे, आणि एवढ्याशा रेघेसाठी कोणी मुंगूस मारावं हे मला पटत नाही. घेतला नाही.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराचा स्प्रे, ही अडचण मात्र पॅलेटने सुटत नाही. उन्हात मारला की थेंब हवेतच वाळतात आणि अंगावर वाळूसारखी खरखर बसते. पावसाळ्यात दमट हवेत तोच पांढरट, धुरकट होतो. मी एप्रिल-मेमध्ये पहाटे सहाला अंगणात मारतो, आधी सगळीकडून काळा, मग वरून पांढरा, म्हणजे ऊन कुठून पडतं ते शिपायावर आपोआप उमटतं आणि छटा कुठे उजळ ठेवायची ते कळतं.

मागच्या पोळ्याला मुलीचा लाकडी बैल याच पद्धतीने रंगवला, वीतभर उंचीचा. झुलीचा हिरवा रंग चार छटांत, कडेला पिवळ्या रंगाची टिंबांची किनार, शिंगांना खालून वर लालाचा उतार. तीन संध्याकाळी लागल्या आणि तिन्ही दिवस हिरवा तोच राहिला. तान्ह्या पोळ्याला ती बोजारा, म्हणजे बैल दाखवून मिळणारी खुशाली, मागायला पेंटर काकांच्या दारी गेली, तेव्हा काकांनी बैल उचलून खिडकीकडे फिरवला, झुलीवरून बोट फिरवलं आणि तिला विचारलं, "बापानं रंगोला?" ती हो म्हणाली. त्यांनी तिच्या हातावर पन्नासची नोट ठेवली आणि बैल बराच वेळ परत दिला नाही.

सध्या आठवा शिपाई हातात आहे. चेहरा अर्धा झाला आहे, गालाची मधली छटा बुधवारी मिसळली होती. आज शनिवार, झाकण उघडून पाहिलं, अजून ओली आहे.