मंगल कार्यालयातला उन्हाळी महासेल : मांडलेला माल एक, पाकिटातला दुसरा

गेल्या एप्रिलच्या उत्तरार्धात आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात उन्हाळी कपड्यांचा 'महासेल' भरला आणि चार दिवसांत गावातील व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील अनेक घरांतून पैसे गोळा करून निघून गेला. सुती म्हणून विकलेले बहुतेक कपडे सुती नव्हते, लेबलावरच्या किमती बनावट होत्या आणि यात्रेसाठी आगाऊ रक्कम घेऊन नोंदवलेल्या साड्या तर आल्याच नाहीत. असे सेल मार्चपासून मेअखेरपर्यंत एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात फिरत असतात. दुसऱ्या गावच्या लोकांना आधीच सावध होता यावे, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

सेल लागण्यापूर्वी रिक्षावरचा भोंगा गावभर फिरत होता आणि वर्तमानपत्राच्या घडीतून पत्रके घरोघरी पोहोचत होती. परराज्यातील एक गिरणी बंद पडल्यामुळे तिचा निर्यातीसाठी तयार केलेला माल 'कारखान्याच्या भावात' विकायचा आहे, असे त्या पत्रकात म्हटले होते. गिरणीचे नाव मात्र कुठेच छापलेले नव्हते. केवळ पत्रकावर विसंबून कोणी गर्दी केली असती असे मला वाटत नाही. कार्यालय गावातल्या सर्वांच्या परिचयाच्या गृहस्थांचे होते, पत्रक टाकणारा मुलगा रोज पेपर टाकणाराच होता आणि सवलतीची कूपने बचत गटांच्या अध्यक्षांच्या हातून वाटली गेली होती. कार्यालयाच्या मालकांनी केवळ भाडे घेतले होते, अध्यक्षांनी केवळ कूपने वाटली होती आणि यांपैकी एकानेही मालाची हमी दिलेली नव्हती. तरीही प्रत्येकाच्या ओळखीचा थोडा थोडा आधार त्या सेलला मिळाला आणि विक्रेत्यांवर स्वतःची ओळख देण्याची वेळच आली नाही. माझ्या मते फसवणुकीची मूळ युक्ती हीच होती. कापडातली लबाडी त्यानंतरची.

वेळही अचूक निवडलेली होती. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, मुलीबाळी माहेरी आलेल्या, लग्नसराई ऐन भरात आणि ग्रामदैवताची यात्रा तोंडावर, अशा दिवसांत प्रत्येक घरात कपड्यांची खरेदी निघतेच. एरवी ही खरेदी पेठेतल्या दोन-तीन जुन्या दुकानांत होते, जिथे उधारीची वही असते, रंग गेला तर दुकानदार माल बदलून देतो आणि न दिल्यास आठवडे बाजारात चार लोकांसमोर त्याला ऐकून घ्यावे लागते. त्यांच्यापैकी एका दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी, 'हा सगळा लॉटचा माल आहे, पक्के बिल मागून बघा,' असे गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. परंतु त्याचा धंदा बसला म्हणून तो असे बोलतो, असाच अर्थ लोकांनी काढला. कापडातले कळणाऱ्या एकमेव माणसाचे मत त्याच्या स्वार्थापोटी बाद ठरते, हे विक्रेत्यांना बहुधा आधीपासून ठाऊक असावे.

पहिल्या दिवशी विकलेला माल खरोखरच चांगला होता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. सकाळी आलेल्यांना अस्सल सुती शर्ट आणि कुर्ते अगदी कमी भावात मिळाले. त्यांत शिक्षक होते, दवाखान्यातील कर्मचारी होते आणि ज्यांच्या शब्दाला गावात किंमत आहे अशी वडीलधारी मंडळीही होती. संध्याकाळपर्यंत पारावर, गिरणीत आणि मंदिराच्या आवारात त्या कपड्यांचीच चर्चा चालू होती. दुसऱ्या दिवसापासून गर्दी तिप्पट झाली आणि त्याच दिवसापासून माल बंद पाकिटांतून दिला जाऊ लागला.

टेबलावर प्रत्येक प्रकारचा एकेक नग उघडा ठेवलेला असे. 'काकू, हातात धरून बघा, कॉटनच आहे,' असे म्हणून विक्रेता मुलगा तो नग हातात देई, आणि तो नग निःसंशय सुती असे. पसंती सांगितली की मागच्या ढिगातून त्याच रंगाचे चिकटपट्टीने बंद केलेले पाकीट काढून दिले जाई. पाकीट फोडू दिले जात नसे, कारण 'घडी मोडली की पीस विकला जात नाही'. आमच्या घरी आलेल्या शर्टाचे पाकीट फोडले तेव्हा आत पुठ्ठा, कॉलरखाली प्लॅस्टिकची पट्टी आणि टाचण्या लावून केलेली कडक घडी होती. वरून दिसणारा भाग खळ देऊन इतका ताठ केलेला होता की पोत बोटांना कळतच नव्हता. घडी उलगडल्यावर पाठीचे कापड पुढच्यापेक्षा विरळ निघाले आणि आतल्या शिवणीला एकच टाका होता. पहिल्याच धुण्यात खळ निघून गेली, बादलीतले पाणी निळे झाले आणि अंगात घातल्यावर तो शर्ट घामाने पाठीला चिकटू लागला. तसे होणारच होते. प्रमाणित हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे वैशाखातल्या उन्हात पॉलिस्टरचा पातळ शर्टही सुती जाड शर्टापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो.

पेठेतल्या त्याच दुकानदाराने नंतर आम्हाला कापड तपासण्याची रीत दाखवली. शिवणीच्या आतल्या बाजूने एक उभा आणि एक आडवा, असे दोन धागे काढायचे आणि चिमट्यात धरून वेगवेगळे पेटवायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, जळताना कागदासारखाच वास येतो आणि मागे मऊ, करडी राख उरते, जी बोटाने चुरडता येते. पॉलिस्टर आधी आकसतो, मग वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी होतो. आमच्या शर्टाचा आडवा धागा राख झाला आणि उभ्याचा मणी झाला, म्हणजे ताणा पॉलिस्टरचा आणि बाणा सुती होता. एकच धागा जाळून पाहणारा अशा कापडात हमखास फसतो. या परीक्षेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे : रेयॉनही कागदासारखाच जळतो, त्यामुळे रेयॉन आणि सुती यांतला फरक जाळून कळत नाही. तो ओला केल्यावर कळतो, कारण रेयॉनचा धागा भिजला की बराच कमकुवत होतो आणि हलक्या ताणानेही तुटतो, उलट सुती धागा भिजल्यावर अधिक चिवट होतो. रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या बाजूवर जोराने घासावा. हे दुकानातच करता येते आणि त्याला नकार देणाऱ्याकडून काही घेऊ नये.

किमतीची बनवाबनवी त्याहून सोपी होती. ४९९ रुपयांना दिलेल्या शर्टावर १,९९९ ची छापील किंमत होती आणि तिच्यावर लाल रेघ मारलेली होती. लेबल नखाने खरवडल्यावर त्याखाली आणखी एक लेबल निघाले, ज्यावर ३९५ हा आकडा होता. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार मूळ किमतीवर चिकटपट्टी लावून किंमत वाढवता येत नाही. कमी केलेल्या किमतीची चिकटपट्टी लावता येते, पण तीही मूळ किंमत झाकणार नाही अशीच लावावी लागते. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना काही तपशिलांतून सूट मिळालेली असली, तरी उत्पादकाचे नाव, ग्राहक सेवेचा संपर्क, आकार आणि कमाल किरकोळ किंमत एवढे तरी त्यांवर असायलाच हवे. आमच्या पाकिटावर इंग्रजीत एक चकचकीत नाव होते, परंतु पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक नव्हता.

पावतीची गोष्ट तर सर्वांना दिसत असूनही कोणी मनावर घेतली नाही. ज्यांनी मागितली त्यांना कच्च्या चिठ्ठीवर केवळ एकूण रक्कम लिहून मिळाली आणि तिच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का होता. प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. नंतर एका महाविद्यालयीन मुलाने मोबाइलमधल्या फोटोवरून तो मोजला तेव्हा त्यात १४ च अक्षरे भरली. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७) आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यास नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसते. परराज्यातून येऊन तात्पुरती विक्री करणाऱ्याला काही मोजके अपवाद वगळता, उलाढाल कितीही कमी असली तरी, आधी नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे कार्यालय भाड्याने देण्यापूर्वी हा क्रमांक पाहणे एवढी एकच गोष्ट झाली असती तरी पुढचे टळले असते.

सर्वांत मोठे नुकसान साड्यांचे झाले. यात्रेत पालखीपुढे चालताना गटातील सर्व महिलांनी एकसारख्या सुती साड्या नेसाव्यात, अशी कल्पना बचत गटांत आधीपासून चालू होती. विक्रेत्यांनी ती कुठून तरी हेरली आणि बारीक काठाची एक सुरेख साडी नमुना म्हणून दाखवली. तिचा बाजारभाव हजारापुढे असल्याचे सांगून, किमान पन्नास नग घेतल्यास ६५० ला देऊ आणि त्यासाठी प्रत्येकी ३०० आगाऊ भरावे, असे ठरले. पैसे गोळा करण्याचे काम गटाच्या सचिवांवर सोपवले गेले. त्या महिलेने घरोघरी जाऊन, नावांपुढे खुणा करत, ही रक्कम जमा केली आणि आपल्याच फोनवरून विक्रेत्याच्या क्यूआर कोडवर भरली. पैसे जाताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका खाजगी व्यक्तीचे नाव आले, तेव्हा 'ताई, मालकांचेच खाते आहे,' असे उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी सकाळी कार्यालय रिकामे होते आणि पत्रकावरचा क्रमांक बंद होता. यानंतर बोल लागला तो त्या सचिवांना. ज्यांनी कापड पारखले नाही, पावती मागितली नाही, त्यांनीही त्यांच्या दारात जाऊन हिशेब विचारला. त्यांनी स्वतःच्या बचतीतून काहींचे पैसे परत केले, जे त्यांनी करायला नको होते असे माझे स्पष्ट मत आहे. फसवणारा निघून गेला आणि त्याचे देणे गावातल्याच एका बाईने फेडले.

तक्रार करायची म्हटल्यावर गावात दोन तट पडले. एवढ्याशा रकमेसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार, असे बऱ्याच जणांचे म्हणणे होते. परंतु आगाऊ रक्कम घेऊन पसार होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा होतो, आणि सर्वांची मिळून रक्कम किरकोळ राहिली नव्हती. गटाच्या वतीने एकत्रित अर्ज दिल्यावर पोलिसांनी पहिली गोष्ट मागितली ती यूपीआय व्यवहाराची नोंद, कारण तिच्यावरून खातेदाराचा माग काढता येतो. ज्यांनी रोख पैसे दिले होते त्यांच्याकडे कच्च्या चिठ्ठीशिवाय काहीच नव्हते. कार्यालयाच्या मालकांनी भाडेकराराची प्रत दिली, मात्र तिला जोडलेली आधार कार्डाची छायाप्रत इतकी काळपट होती की तीवरचा चेहरा ओळखू येत नव्हता. हल्ली ते मूळ कार्ड पाहून आणि विक्रेत्याचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊनच कार्यालय देतात.

कपड्यांबाबतची बाजू वेगळी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. त्यामुळे चिठ्ठीवरच्या त्या शिक्क्याने सदोष मालाबाबतचा आपला हक्क जात नाही. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. अडचण एकच आहे : या सर्व ठिकाणी समोरच्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि फिरत्या सेलवाल्याचा तोच नसतो. म्हणून सेल चालू असतानाच फ्लेक्सचा, टेबलांचा आणि ज्या गाडीतून माल आला तिच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवणे हे नंतरच्या कोणत्याही अर्जापेक्षा अधिक उपयोगी पडते. किमतीच्या लेबलांविषयी तक्रार वैधमापन निरीक्षकांकडे करायची असते, आणि तीही सेल उठण्यापूर्वी केली तरच त्यांना जागेवर येऊन माल पाहता येतो.

आमचा अर्ज अजून प्रलंबित आहे आणि खाते ज्याच्या नावावर आहे त्याचा शोध चालू असल्याचे सांगितले जाते. या सेलमध्ये घेतलेली पाकिटे ज्यांच्याकडे अद्याप बंद असतील, त्यांनी ती फोडू नयेत. लेबल, चिकटपट्टी आणि चिठ्ठीसह तशीच जपून ठेवावीत आणि आपली नावे गटाच्या यादीत नोंदवावीत, कारण धुतलेल्या शर्टापेक्षा न उघडलेले पाकीट पुरावा म्हणून अधिक भक्कम ठरते.