चावी फिरेना म्हणून सेल्फ, वायरिंग आणि नसलेल्या ईसीएमचं बिल

लासलगावहून कांदा भरून वाशीला निघालेली जुनी टाटा ४०७ इगतपुरीजवळ एका ढाब्याच्या उतारावर उभी. ड्रायव्हर जेवून आला, चावी आत गेली, पण फिरेना. बाजूलाच टपरी टाकून बसलेला वायरमन न बोलावता हजर. "दादा, स्विच आतून शॉर्ट झालाय. वायरिंग अन् सेल्फ दोन्ही गेलेत. ईसीएम पण बघावा लागेल." (सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.) कांदा लिलावाच्या वेळेत पोचला नाही तर भाव पडतो, हे त्यालाही ठाऊक. ड्रायव्हरने फोन लावला, शेठ म्हणाले, "काय लागेल ते कर, गाडी काढ." लॉक सेट, हारनेस (तारांचा जुडगा), 'रिकंडिशन' सेल्फ, 'ईसीएम रिपेअर' असं पाच आकडी बिल कच्च्या कागदावर झालं. जुना माल वायरमनने ठेवून घेतला.

आता हे बिल उलगडून बघा. अशा जुन्या, मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीत ईसीएम नसतोच. स्टॉप केबल ओढून इंजिन बंद होणाऱ्या गाडीला तो कशाला लागेल? डॅशखालचा जो काळा डबा दाखवला, तो इंडिकेटरचा फ्लॅशर. चावीत चिपही नसते, त्यामुळे 'की प्रोग्रॅमिंग' म्हणून कोणी पैसे मागितले तर तेही खोटं.

सेल्फचं तर आणखी सोपं आहे. चावी स्टार्टपर्यंत गेलीच नाही, तर सेल्फ गेला हे कळलं कसं? तो तपासायचा तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, स्टॉप केबल ओढून धरलेली, आणि बॅटरीच्या प्लसवरून सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विजेच्या खटक्याच्या) छोट्या टर्मिनलला क्षणभर तार लावायची. सेल्फ जोमात फिरला तर तो ठणठणीत. तिथे ही तपासणी झालीच नाही. चांगला सेल्फ काढून दुसऱ्या गाडीचा रंग मारलेला सेल्फ बसवला, बस्स.

वायरिंग जळाल्याचा पुरावा म्हणून तार बॉडीला घासून ठिणगी दाखवली जाते. बॅटरीची चालू तार बॉडीला लागली की ठिणगी पडणारच, वायरिंग कोरं असलं तरी. खरी जळालेली तार कडक होते, तिचं इन्सुलेशन काळं पडतं, कपलरचं (तारा जोडणाऱ्या सॉकेटचं) प्लास्टिक वितळलेलं दिसतं. ते दाखवा म्हणायचं.

मग चावी का फिरेना? उतारावर गाडी लावताना पुढची चाकं दगडाला टेकवून वळवलेली होती. चावी काढली की स्टिअरिंग लॉकचा पोलादी खटका कॉलमच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या) खाचेत जातो, आणि चाकांचा सगळा ताण त्या खटक्यावर येतो. अशा वेळी चावी जड जाते किंवा अजिबात हलत नाही. उपाय: एका हाताने स्टिअरिंग ताणाच्या उलट बाजूला दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवायची. ताण फार असेल तर मागच्या चाकांना दगड लावून पुढचं अडकलेलं चाक जॅकवर जरासं उचलायचं. वायरमनने काम करता करता स्टिअरिंग हलवलं, खटक्यावरचा ताण तेव्हाच सुटला. नवा लॉक सेट त्यानंतर बसवला.

एक मात्र कधीच करू देऊ नका: चावीला पकड लावणं. चावी आत तुटली की लॉक खरोखरच बदलावं लागतं, आणि काहींना तेच हवं असतं.

सपाट जागेवरही चावी जड जात असेल तर आधी घरातली न वापरलेली मूळ चावी लावून बघा. झिजलेल्या चावीवरून काढलेल्या डुप्लिकेटमध्ये झीजही उतरते. चावी केसभर बाहेर ओढल्यावर फिरत असेल तर दाते झिजलेत. धुळीसाठी चिमूटभर ग्रॅफाइट पावडर आत फुंकायची, नाहीतर मऊ पेन्सिल चावीवर घासून चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर करायची. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, धुळीत मिसळून त्याचा चिखल होतो.

तरीही जड? बॅटरीची मायनस काढा आणि लॉकच्या मागचा इलेक्ट्रिक स्विच स्क्रू काढून वेगळा करा. आता चावी मोकळी फिरली तर दोष स्विचचा, नाहीतर लॉकचा. बहुतेक गाड्यांत हे दोन भाग वेगळे मिळतात आणि नुसता स्विच पूर्ण सेटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. 'सेटच घ्यावा लागतो' हे ऐकून घेऊ नका.

स्विच जळतो तो बहुतेकदा सोलेनॉइडचा सगळा करंट त्यातूनच जात असल्यामुळे. सेल्फ मारताना स्विचच्या बॅटरी आणि स्टार्ट टर्मिनलमध्ये मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या आत ठीक, एकाच्या वर गेलं तर स्विचच्या आतले पॉइंट जळालेत. नव्या स्विचबरोबर स्टार्टर रिले (सोलेनॉइडचा करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) टाकून घ्या, मग चावीच्या स्विचमधून अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट जातो. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट गाडीला रिलेही २४ व्होल्टचाच. चावी स्टार्टवरून आपोआप परत येत नसेल तर ती गाडी तशी चालवू नका, सेल्फ फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) लागलेला राहून जळतो.

लॉक खरंच बदलायचं झालं तर ते कॉलमला धरणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टची डोकी मुद्दाम तुटकी असतात, चोरी होऊ नये म्हणून. छिन्नीने टोले देत किंवा ड्रिल मारून ते निघतात. त्यासाठी 'पूर्ण कॉलम उतरवायचा' लेबर लावला तर आधी कारण विचारा. पाकिटावर उत्पादक, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं हवं. ते पाकीट आणि जुना पार्ट दोन्ही ताब्यात घ्या, जीएसटी बिल मागा. सेल्फ उतरवण्याआधी त्याच्या नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायचं, तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. एकच गाडी पोटासाठी स्वतः चालवणारा ग्राहक धरला जातो, पण ताफा बाळगणाऱ्या ट्रान्सपोर्टरला 'व्यावसायिक हेतू'चा मुद्दा आडवा येऊ शकतो. कच्च्या बिलावर दोघांचीही बाजू लंगडी पडते. निदान पैसे यूपीआयने द्या आणि गाडी उभी असलेल्या जागेचा, बोर्डासकट, फोटो घ्या.