पद्मिनीच्या दारांच्या बिजागऱ्या : नव्या पिना आणि बुश बसवल्यानंतरचा अनुभव

आमच्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीच्या चालकाकडील दाराच्या दोन्ही बिजागऱ्यांना पावसाळ्यापूर्वी नव्या पिना बसवून घेतल्या. संपूर्ण पावसाळा आणि त्यानंतरची थंडी त्यावर काढल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

दार लागताना मागची कड उचलून धरावी लागत होती, आणि उंबऱ्यालगतच्या कोपऱ्यातील रंग घासून पत्रा उघडा पडला होता. अशा वेळी बहुतेक डेंटर (पत्र्याचे काम करणारे कारागीर) गाडीच्या खांबावरील, दाराचे लॉक ज्यात अडकते ती लॉकची प्लेट थोडी खाली सरकवतात किंवा दाराखाली जॅक लावून बिजागरीच वाकवतात. दार त्या दिवसापुरते लागते, परंतु झीज जिथल्या तिथेच राहते. बिजागऱ्यांमधील अंतर 35 सेंमी आणि दाराची रुंदी 90 सेंमी धरली, तर प्रत्येक बिजागरीतील अर्ध्या मिलिमीटरच्या प्लेमुळे (सैलपणामुळे) मागची कड सुमारे अडीच मिलिमीटर खाली येते. पिन हातात घेतल्यावर किरकोळ वाटणारी झीज लॉकपाशी एवढी का जाणवते, ते यावरून कळते.

काम काढण्यापूर्वी दार अर्धे उघडून, कड धरून वर उचलावे आणि दुसऱ्या कोणाला तरी बिजागरीकडे पाहायला सांगावे. पिनेभोवती हालचाल दिसली तर दोष पिनेचा. पण खांबासकट बिजागरी हलत असेल, तर एकतर स्क्रू सैल आहेत किंवा आतला पत्रा गंजून गेला आहे, आणि मग पिना बदलून काहीही साधत नाही. जुन्या पद्मिनीत ही दुसरी शक्यता मुळीच दुर्मीळ नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पिना करून घेतल्या. जुनी वरची पिन मधोमध इतकी खाल्ली गेली होती की नखाला पायरी लागत होती; मात्र त्याहून वाईट अवस्था भोकाची होती, कारण ते अंडाकृती झाले होते. त्यामुळे मूळ मापाची तयार पिन आणून ठोकणे हा अर्धवट उपाय ठरला असता. भोक रीमरने (भोक मापात गोल करणाऱ्या हत्याराने) गोल करून त्यात गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूचा पातळ बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, बसवला आणि पिन बुशात हाताने फिरेल, पण डुलणार नाही, एवढीच जागा ठेवली. पुढे झीज झालीच तर ती बुशाची होईल, आणि बुश बदलणे सोपे आहे.

मजुरी लेथपेक्षा जुन्या पिना काढण्यात अधिक गेली. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. गॅसने तापवण्याचा कारागिराचा आग्रह मात्र मी मानला नाही, कारण शेजारचा रंग निश्चितच जळाला असता. दाराखाली जॅक, त्यावर फळी आणि गोणपाटाची घडी ठेवून एका वेळी एकच बिजागरी सोडवली, म्हणून दाराची जागा हलली नाही. पिनेचे डोके वरच्या बाजूला ठेवून घेतले, जेणेकरून ती सैल झाली तरी खाली गळून पडणार नाही. लॉकची प्लेट पूर्वी कोणीतरी खाली सरकवलेली होती. ती सगळ्यात शेवटी पुन्हा वर घ्यावी लागली, हे काम अनेक जण विसरतात.

आता दार एका हाताने, न आपटता लागते आणि खडबडीत रस्त्यावरची खडखड गेली आहे. पावसाचे पाणी मात्र आजही थोडे आत येते, कारण रबर जुने आहे. ही तक्रार पिनांच्या माथी मारता येणार नाही. सुरुवातीला भरलेले ग्रीस पावसात धुऊन गेले आणि उरलेल्यात धूळ बसून काळा चिकट थर जमला, तेव्हा तो पुसून आता अधूनमधून जाड तेलाचे थेंब सोडतो. मागच्या दारांत उचलून पाहिले तरी प्ले जाणवत नाही, त्यामुळे ती तूर्त उघडणार नाही. डावे पुढचे दार मात्र येत्या उन्हाळ्यात याच पद्धतीने करून घेणार आहे.